वॉल्ट्झमधली कोरी जागा

रविवारी सकाळी नवी मुंबईत पावण्याच्या एमआयडीसीत माणूस दिसत नाही. मशिनं बंद असतात, पण आठवडाभर थरथरलेल्या रस्त्याला ते कळलेलं नसतं. चालताना तळव्यांना बारीक हादरा लागतो, थांबून पाहावं तर काही नाही. रसायनांचा वास तेवढा सुट्टी घेत नाही. अशाच एका रविवारी मी एका बंद कारखान्याच्या गेटवर पत्रक चिकटवून परतत होतो. वडिलांच्या जुन्या गाळ्याचं शटर गुडघाभर उचललेलं दिसलं. फटीतून आतले पाय दिसत होते. नुसते पाय. पाच-सहा जोड्या, मोजून मागे-पुढे सरकणाऱ्या. आवाज कसलाच नाही.

त्या गाळ्यात पूर्वी छापखाना होता. माझे वडील तिथे वीस-बावीस वर्षं ऑफसेट मशीन चालवत होते. छापखाना बंद पडला, मशीन भंगारात गेलं, तेव्हापासून शटर खालीच होतं. मी वाकून आत शिरलो.

आत बॉलरूम डान्सचा क्लास चालला होता. शिकवणारे सर पूर्वी जहाजावर वेटर होते, तिथे हे नाच शिकले. आता आठवडाभर वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर सुपरवायझर आणि रविवारी इथे. पहिला अर्धा तास ते गाणं लावतच नसत. "आधी पाय ऐका," म्हणायचे. मला पाहून त्यांनी विचारलं, "शिकायचंय का गेस्ट आहात? गेस्ट असाल तर शटर खाली करून जा, कुत्री येतात."

मी राहिलो. नाचासाठी नाही, गाळ्यासाठी. पत्र्याच्या छतातून पडणाऱ्या उजेडात लादीवर चार बोल्टांची भोकं दिसत होती. मागच्या खांबाजवळ, जिथे वडिलांचं मशीन होतं तिथे.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. पाळी संपल्यावर मालकाच्या परवानगीनं, उरलेल्या शाईत आणि कापून राहिलेल्या कागदावर, वडील आणि वस्तीतले त्यांचे मित्र पत्रकं छापायचे. वस्तीच्या पाण्यावर, कंत्राटी कामगारांवर, जातीवरून खोली नाकारणाऱ्या सोसायटीवर, अंगात येण्याच्या थोतांडावर. भूत या विषयावरच दोन निघाली होती, दोन्ही विरोधात. मी अक्षरं शिकलो ती त्यांवर. आजही मला शांतपणे वाक्य लिहिता येत नाही. प्रत्येक वाक्य कुणाला तरी उद्देशून उभं राहतं.

साहजिकच पहिल्याच दिवशी माझं सरांशी भांडण झालं. नाचात एकजण नेतो, दुसरा मागे येतो. पुरुष बहुतेक नेणारा, बाई मागे येणारी. मी म्हणालो, हे हुकूम देणं-घेणं झालं, मला पटत नाही.

"मग काय म्हणायचं त्याला?" सर म्हणाले.

"दोघांनी मिळून ठरवायचं."

"कधी? पाय हवेत असताना मीटिंग घ्यायची?" सगळे हसले. "नाव बदल बाबा. पत्रक काढ. पण पाय टाक."

हसणाऱ्यांत एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या. सुती पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी, पायात कॅनव्हासचे बूट. कोपरखैरण्याच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या, कोकणी मुसलमान घरातल्या. मी त्यांना आंटी म्हणालो, तर म्हणाल्या, "आंटी म्हणालास तर बुटासकट पायावर पाय देईन. बाई म्हण. सगळं कोपरखैरणं म्हणतं."

बाईंना जोडीदार नव्हता, मलाही नव्हता. सरांनी आम्हाला एकत्र उभं केलं आणि बाईंनी लगेच सांगून टाकलं, "मला मधलं तेवढं दिसतं, पाइपातून बघावं तसं. कडेचं गेलं. मधलंही जाणार आहे. तेव्हा खांबबिंब तू सांभाळ."

"मग हे कशाला शिकताय?" मी विचारलं.

"मागे चालायला. पुढचं मला थोडं कमी दिसतं, तुला जास्त. पण पाठीमागचं तुलाही दिसत नाही. तिथे आपण सारखे. तुला समानता पाहिजे ना? ही घे."

वॉल्ट्झ तीन मात्रांचा नाच. नेणारा डाव्या पायानं पुढे येतो, समोरची उजव्या पायानं मागे जाते, बाजूला एक पाऊल, मग पाय जुळवायचा. असे सहा ठोके झाले की जमिनीवर चौकोन पूर्ण होतो. बाकीच्या सगळ्या गिरक्या त्या चौकोनातून निघतात. मी ते माझ्या नेहमीच्या रीतीनं शिकलो: पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून काढलं आणि पाठ केलं. चौकोन, वळण, हाताखालून गिरकी, पुन्हा चौकोन. घरी उभ्याउभ्या म्हणून पाहिलं तर एक शब्द चुकत नव्हता.

गाळ्यात मात्र खांबाजवळ आलो की ते पुसलं जायचं.

विसरणं मला माहीत आहे. विसरलेली गोष्ट जिभेच्या टोकाशी असते, चिडवते. हे तसं नव्हतं. आठवायला कुणी जागेवरच नसायचं. डोक्यात पांढरं काहीतरी उघडायचं, कागदाएवढं, कोरं, आणि मी त्याच्यासमोर उभा. शाईचा वास यायचा. मग बाईंचा आवाज यायचा, "कुठे गेलास?" आणि मी परत यायचो. किती वेळ गेला ते मला कळायचं नाही. एकदा वाटलं, अर्धा क्षण गेला असेल. पण गाणं संपलेलं होतं आणि सर पुढच्या जोडीशी बोलत होते.

चौथ्या रविवारी बाईंनी हिशेब मांडला. "तू नेहमी एकाच जागी जातोस. त्या खांबाशी. दुसरीकडे गाण्याभरात एकदाही नाही."

बाकीच्या जोड्या तिथून आरामात जात होत्या. क्लास सुटल्यावर मी एकटा त्या चार भोकांच्या मधे उभा राहून पाहिलं. काही झालं नाही. तरी निघताना मी पाठ फिरवून गेलो नाही, मागे मागे चालत गेलो. हे लिहायला लाज वाटते.

पाचव्या रविवारी ते घडलं. खांबाशी पांढरं उघडलं, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे वागलो. मला रिकामी जागा सहन होत नाही; सभेत कुणी अडखळला तर मी बोलायला लागतो. मी बाईंचे दोन्ही हात सोडले, हात वर केले आणि समजावून सांगू लागलो, "एक मिनिट बाई, आपण असं करू—"

बाई मागे चालल्या होत्या. माझा हात हाच त्यांचा खांब, भिंत, दार. तो हात गेला. त्यांची टाच बोल्टाच्या भोकात अडकली, खांबावर मनगट आपटलं. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बोलायला हात कशाला लागतात रे तुला?"

मनगटाच्या हाडाला बारीक चीर होती. तीन आठवडे पट्टा. त्यांचा मुलगा खारघरला राहतो, महाप्याला नोकरी करतो. तो दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी मला भेटला. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. तो चहा करत होता.

"मी अम्मीला अडवत नाही," तो म्हणाला. "पण ती इथे एकटी राहते, एकटी रिक्षानं फिरते. आज मनगट आहे. क्लासच्या शेवटी घरच्यांसमोर नाच आहे ना? मी येऊन बघतो. ती नीट सांभाळली गेली तर ठीक. पुन्हा पडली, तर हे घर बंद करून खारघरला चलायचं. तिनं कबूल केलंय."

"तुम्ही कोण ठरवणारे?" मी उसळलो. "या घरात त्यांनी तीस वर्षं—"

"ए," बाई आतून म्हणाल्या. "माझ्या मुलाला पत्रक वाटू नकोस. वॉल्ट्झ शीक."

म्हणजे सगळं आता माझ्या डोक्यातल्या त्या पांढऱ्या कागदावर आलं होतं. एका बाईचं घर, तिची किल्ली, तिचं एकटीनं बाजारात जाणं. इतकी वर्षं मी स्वातंत्र्यावर लिहीत होतो. कुणाचं स्वातंत्र्य माझ्या तळहाताएवढ्या जागेत येऊन थांबेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या हाताला कायम कांद्याच्या सालींचा वास असतो. "ब्लँक सगळ्यांना होतं. मला जहाजावर व्हायचं, बोट हलत असताना. तू काय करतो, पुढची स्टेप शोधत बसतो. शोधायची नाय. चौकोनात राहा, जागच्या जागी. फक्त एवढं बघ, पार्टनर कुठल्या पायावर उभी हाय. डाव्यावर असली, तर तिचा उजवा मोकळा. मग तुझा डावा टाक. बस. बाकीचं आपोआप येतं. आणि हात सोडायचा नाय. आग लागली तरी."

"आणि तो पांढरा कागद?"

"कुठला कागद?" सर म्हणाले.

पट्टा निघाल्यावर आम्ही पुन्हा सुरू केलं. घरच्यांसमोरच्या नाचापर्यंत तीन रविवार होते. बाईंचं वजन कुठल्या पायावर आहे ते माझ्या उजव्या हाताला, त्यांच्या पाठीवर ठेवलेल्या तळव्याला, कळू लागलं. खांबाशी कागद उघडायचाच. पण आता मी हात सोडत नव्हतो. दुसऱ्या रविवारी बाई एकदम म्हणाल्या, "आता गेला होतास ना?"

"हो."

"पण हात होता." त्या थांबल्या. माझ्या चेहऱ्याकडे, म्हणजे पाइपात मावेल तेवढ्या चेहऱ्याकडे, पाहत राहिल्या. "तुझ्यापेक्षा जड होता."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी चहाच्या वेळी मी वडिलांना एक जुनी गोष्ट सांगितली, जी मी कुणालाच सांगितली नव्हती.

मी नऊ वर्षांचा असेन. दुपारी तीनची पाळी सुटायच्या वेळी वडिलांनी मला पावणे नाक्यावर पत्रकांचा गठ्ठा देऊन उभं केलं होतं. हात येत होते, मी देत होतो. निम्मा गठ्ठा संपल्यावर मी खाली पाहिलं, तर माझ्या हातात कोरा कागद होता. त्याखालचा कोरा, त्याखालचाही. केव्हापासून मी कोरे वाटत होतो कुणास ठाऊक. थांबावं असं वाटलं, पण हात येतच राहिले. लोक कागद घेत होते, घडी घालून खिशात ठेवत होते. कुणी परत आलं नाही. एकजण मात्र भिंतीला टेकून उभा राहिला, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेला. त्यानं तो कोरा कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचू लागला. डोळे डावीकडून उजवीकडे, ओळीनंतर ओळ. ओठ हलत होते. मग त्यानं कागद उलटला आणि मागची बाजू वाचली. शेवटी माझ्याजवळ येऊन, खाली वाकून म्हणाला, "बरोबर लिहिलंय तुझ्या बापानं."

वडिलांनी कप खाली ठेवला. "कोरे होते ते मला माहीत आहे. मीच लावले गठ्ठ्याला खालून. शाई संपली होती."

"का लावले?"

"पत्रक वाटताना हात पुढे आला तर रिकामा पाठवायचा नाही. एकदा रिकामा गेला की तो हात पुन्हा पुढे येत नाही. आमची रीतच होती ती."

"पण त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, पप्पा!"

"शेजारच्याच्या कागदावर होतं. ते बघतील, विचारतील. बोलणं तर होईल." मग ते म्हणाले, "आणि तो बटण तुटलेला, तो माझ्याच मशीनवर होता. कागद भरायचा. त्याला वाचता येत नव्हतं. प्रत्येक पत्रक तसंच धरून उभा राहायचा आणि येऊन सांगायचा, बरोबर आहे."

"त्याला कसं कळायचं, बरोबर आहे ते?"

"मी विचारलं नाही कधी."

"कुठे उभा राहायचा तो? मशीनच्या कुठल्या बाजूला?"

"मागच्या. खांबाशी." वडिलांनी माझ्याकडे बघितलं. "गेला तो. तू दहावीत होतास. कशाला विचारतोस?"

भुतांवर दोन पत्रकं काढलेल्या माणसाला मी काय सांगणार होतो? मी आजही सांगत नाही. माणसाचा मेंदू लहानपणची भीती जागेला चिकटवून ठेवतो, हे मला पटतं. मी ते लिहूनही दाखवीन. हे वेगळं की ती भीती मला नाक्यावर लागली होती आणि या गाळ्यात तेव्हा मी कधी आलोच नव्हतो.

शेवटच्या रविवारी गाळ्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक जोडीनं एकेका गाण्यावर वेगळं नाचायचं. बाईंचा मुलगा पुढच्या रांगेत होता, मोबाइल धरून. बाईंनी अबोली रंगाची ओढणी घेतली होती. हात धरताना म्हणाल्या, "हात थंड आहे तुझा. घाबरलास?"

"हो."

"मीही. चल."

चौकोन. वळण. गिरकी बरी झाली, कुणीतरी टाळी वाजवली. आम्ही पुढे सरकत खांबाच्या बाजूला येऊ लागलो आणि मला ठाऊक होतं, आता येणार. शाईचा वास आधी आला. मग पांढरं उघडलं.

यावेळी मी त्यावर काही लिहायला गेलो नाही. पुढची स्टेप शोधली नाही, बोललो नाही. मनात एकच गोष्ट घट्ट धरली: हात पुढे आलेला आहे, तो रिकामा पाठवायचा नाही. माझ्या तळव्याखाली बाईंची पाठ किंचित डावीकडे झुकली. डावा पाय. उजवा मोकळा. माझा डावा. तेवढंच मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते थेट टाळ्यांचं, आणि आम्ही दोघं गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या उजेडात उभे होतो. बाई उभ्या होत्या. पडल्या नव्हत्या.

मुलगा उठून आला. त्यानं आईला मिठी मारली नाही, तसा तो माणूस नाही. त्यानं तिचं मनगट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि सोडून दिलं.

"ठीक आहे, अम्मी," तो म्हणाला. "घराचं पुन्हा काढणार नाही."

मग त्यानं माझ्यासमोर मोबाइल धरला. "हे बघा. एक विचारायचं होतं."

व्हिडिओत आम्ही खांबाशी होतो. पाय चौकोनात चालले होते, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, मी कधी नाचलो नव्हतो इतके नीट. माझी मान बाईंच्या खांद्यावरून थोडी खाली झुकली होती. डोळे उघडे होते आणि हलत होते. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. ओठ हलत होते. मग मान एकदा वळली, काहीतरी उलटल्यासारखी, आणि डोळे पुन्हा डावीकडून सुरू झाले.

"काय वाचत होता?" मुलानं विचारलं.

"ठोके मोजत होतो," मी म्हणालो. खोटं न बोलण्यावर आमच्याकडे पत्रक निघालं नव्हतं, कारण तशी गरज कुणाला वाटली नव्हती.

मुलानं गाडी शटरपाशी आणली, दार उघडलं. बाई दाराजवळून चालत पुढे गेल्या. "तू जा. मी रिक्षानं जाणार. सवय मोडायला नको."

रविवारी पावण्यात रिक्षा सहज मिळत नाही. मी त्यांच्यासोबत कोपऱ्यावर उभा राहिलो. मुलगा गाडी बंद करून लांबून पाहत राहिला. रस्ता रिकामा होता, जमिनीत ती बारीक थरथर होती किंवा नव्हती.

"खांबाशी मी थांबले असते," बाई एकाएकी म्हणाल्या. "त्या भोकाची भीती बसली होती. पाय उचलत नव्हता. पण तू कानाशी म्हणालास, म्हणून टाकला."

"मी काय म्हणालो?"

"दोनदा म्हणालास. घोगऱ्या आवाजात. 'बरोबर आहे, बरोबर आहे.' मला वाटलं स्टेपचं म्हणतोस."

तेवढ्यात एक रिकामी रिक्षा आली. बाईंनी आवाजाच्या दिशेनं हात वर केला, रिक्षा थांबली. दांडी चाचपून त्या आत बसल्या, ओढणी सावरली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "कोपरखैरणे. डेपोपर्यंत मीटर, पुढचं मी सांगते." मग बाहेर डोकावून, मी जिथे होतो त्याच्या जरा बाजूला बघत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पावणेदहाला ये. दोघंही."